अध्यक्षांचा फोटो कुठे ठेवायचा?

वेबसाइट उघडली की शंख वाजलाच पाहिजे, असा दादरच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांचा हट्ट होता. मी त्यांना विचारलं, समजा मुलीचा बाप ऑफिसात बसून गुपचूप हॉल शोधतोय आणि त्याच्या टेबलावरून एकदम शंखध्वनी झाला, तर साहेब काय म्हणतील? मालक जरा विचारात पडले. मग म्हणाले, ठीक आहे, सनई ठेवा, पण हळू आवाजात. हॉलमध्ये माणसं किती मावतात, गाड्या कुठे लावायच्या आणि अमुक तारीख रिकामी आहे का, याची उत्तरं मात्र त्या वेबसाइटवर कुठेच नव्हती. ती द्यायची असतात हे त्यांच्या गळी उतरवायला मला शंख काढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

संस्थांच्या आणि छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवणं हे माझं काम. गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत माझा इलाखा. आता मी निवृत्त आहे, म्हणजे काम तरुण मुलं करतात आणि मी नावं ठेवते. तू नक्की करतेस काय, असं नातेवाईक अजूनही विचारतात. एका मावसभावाने तर घरचा बंद पडलेला प्रिंटर उचलून माझ्याकडे आणला होता. सोप्या भाषेत सांगायचं, तर आलेल्या माणसाला दार कुठे आहे ते दिसावं, ते ढकलायचं की ओढायचं ते कळावं आणि ज्यासाठी तो आला ते त्याच्या पटकन हाताला लागावं, एवढंच आमचं काम. याला आमच्यात यूएक्स म्हणतात. असं भारदस्त नाव दिलं की फी मागताना जीभ अडखळत नाही.

हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नाही. माझ्या वडिलांचा गिरगावात छापखाना होता आणि लग्नपत्रिका छापण्यात बाबांचा हातखंडा होता. पत्रिकेचा क्रम ठरलेला असायचा. वर श्रीगणेश, खाली कुलदैवत, मग निमंत्रक, मग आजोबा, काका, मामा, आत्या यांची नावं मानाच्या उतरंडीने. एखाद्या काकांचं नाव दुसऱ्या काकांच्या खाली गेलं की मांडवात रुसवेफुगवे, आणि नाव राहिलंच तर सगळ्या पत्रिका पुन्हा छापायच्या. विवाहस्थळ अगदी तळाला, बारीक टायपात. बाबा म्हणायचे, नाव चुकलं तर भांडण होतं, पत्ता चुकला तर माणूस विचारत विचारत येतो. आणि त्याच्याही खाली, कोपऱ्यात, घरातल्या पोरांची एक ओळ असायची, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ मला लहानपणी तीच ओळ आवडायची, कारण एवढ्या थोरल्या मजकुरात वाचणाऱ्याशी बोलणारी ती एकटीच होती.

पुढे वेबसाइटचा जमाना आला, आणि माझ्या लक्षात आलं की प्रत्येक संस्थेला माझ्याकडून पत्रिकाच हवी आहे. वर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार, मग दीपप्रज्वलनाचे सरकते फोटो, मग अध्यक्षांचं मनोगत, आणि पत्ता व फोन तळाला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पिढ्यान् पिढ्या आपण लोकांना बोलावतो ते असंच बोलावतो. पण पत्रिका जाते ओळखीच्या घरी. त्या लोकांना तुमचं घर माहीत असतं, काका कोण तेही माहीत असतं. वेबसाइटवर येतो तो अनोळखी माणूस. त्याला तुमच्या काकांशी काही देणंघेणं नसतं.

लालबागच्या एका मसालेवाल्या वहिनींना मी हे समजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, सासऱ्यांचा फोटो काढला तर घरात मला कोण जेवू घालील? मी एक दिवस सकाळपासून त्यांच्या दुकानातल्या फोनजवळ बसले. फोन करणारी जवळजवळ प्रत्येक बाई एकच विचारत होती, मिरच्या आम्ही आणायच्या की तुम्ही देणार? दुपारी वहिनींनी स्वतःच कपाळाला हात लावला. ते उत्तर वर गेलं, सासरे ‘आमच्याविषयी’मध्ये गेले, आणि वहिनींना जेवायलाही मिळालं. संस्था लहान असो की मोठी, मी आजही हाच सल्ला देते. चार दिवस आपल्याच फोनजवळ बसा. लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते सगळ्यात वर ठेवा. बाकीचं लोकांना हवं असेल तर ते खाली जाऊन वाचतील, आणि बहुतेक वाचणार नाहीत, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पण सगळीकडे ते इतकं सोपं गेलं नाही. परळमधल्या एका ट्रस्टची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, तिथल्या अण्णांना आवडणार नाही.

परळला मोठमोठी इस्पितळं आहेत. गावोगावचे पेशंट महिनोन्‌महिने उपचाराला येतात. बरोबरच्या माणसाने राहायचं कुठे, हा त्यांच्या आजाराइतकाच मोठा प्रश्न असतो. अशांसाठी या ट्रस्टची तीन मजली निवासाची इमारत आहे. अण्णांच्या आजोबांनी ती बांधून दिली आणि अण्णा तिथले अध्यक्ष. माणूस ऐंशीच्या घरातला, शुभ्र शर्ट, मोजकं बोलणं आणि सरळ मन. पूर्वी इस्पितळातले एक जुने कर्मचारी चिठ्ठी देऊन लोकांना इथे पाठवायचे. ते निवृत्त झाले, लोक जे ते फोनवर शोधायला लागले, आणि निवासातल्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या.

मला बोलावलं ते कार्यवाह सरिताताई कांबळे यांनी. परळच्या चाळीत वाढलेल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. बोलणं तडक. त्यांनी मला पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसच्या खिडकीशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. समोरच्या फूटपाथवर प्लास्टिकच्या कागदाखाली बिऱ्हाडं लागली होती.

“ताई, वर खोल्या रिकाम्या आणि खाली माणसं रस्त्यावर,” त्या म्हणाल्या. “खोली देते म्हटलं तर मला एजंट समजतात. खजिनदार म्हणतात, कोणी येतच नाही तर इमारत ऑफिसला भाड्याने देऊन टाकू. श्रावणातल्या वार्षिक सभेत ठराव येतोय. तोपर्यंत खोल्या भरल्या नाहीत, तर निवास बंद. अण्णा नाही म्हणतील, पण त्यांच्याकडे उत्तर काय आहे?”

खजिनदारांचंही चूक नव्हतं. भाड्याच्या पैशातून रुग्णांना औषधं देता येतील, असा त्यांचा हिशेब होता. पण औषध घेऊन माणूस झोपणार कुठे, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मी वेबसाइट उघडली. बाबा असते तर खूश झाले असते. वर आजोबांचं तैलचित्र, खाली अण्णा, त्याखाली सगळी समिती मानाने, मग शाल-श्रीफळाचे सरकते फोटो. एक सरकेपर्यंत दुसरा येत होता. मग अण्णांचं मनोगत, इतकं लांब की अंगठा दुखावा. खोलीसाठी काय लागतं ते ‘नियमावली’त होतं, आणि नियमावली म्हणजे एक कागद आडवा स्कॅन करून चढवलेला, मान वाकडी केल्याशिवाय वाचता न येणारा. फोन नंबर तळाला, तोही ऑफिसचा, जे दुपारी बंद.

संक्रांत होऊन गेल्यावर समितीची बैठक झाली. मी माझं म्हणणं मांडलं की वर फक्त तीन गोष्टी हव्यात, खोली आहे का, काय कागद लागतात आणि फोन कुठे करायचा. सगळे फोटो आत जातील.

अण्णा शांतपणे म्हणाले, त्यांचा स्वतःचा फोटो काढायला त्यांची काहीच हरकत नाही. पण त्यांचा काढला तर उपाध्यक्षांचा कसा ठेवणार? आणि उपाध्यक्षांचा काढला तर ते राजीनामा देतील. उपाध्यक्ष समोरच बसले होते. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला. मग आजोबांचा विषय निघाला, पूर्वसुरींना विसरून चालणार नाही असं ठरलं, चहा आला, आणि मी हरले हे मला कळलं. माझा स्वभाव तसा गप्प बसण्याचा नाही. पण समितीशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, मला दहा मिनिटं द्या, आणि सरिताताईंना घेऊन खाली गेले.

आमच्या धंद्यात एक साधी परीक्षा असते. ज्याच्यासाठी वेबसाइट आहे अशा माणसाच्या हातात फोन द्यायचा, त्याला एक काम सांगायचं आणि आपण बघत बसायचं. मदत करायची नाही, इथे दाबा म्हणायचं नाही. मला जन्मात जमलं नसेल इतकं गप्प बसावं लागतं. समोरच्याला घाबरायला होतं, म्हणून आधी सांगायचं की परीक्षा तुमची नाही, आमची आहे.

फूटपाथवर भगवानराव भेटले. परभणीकडचे शेतकरी. बायकोवर उपचार चालू होते. शांताबाई डोक्याला रुमाल बांधून वळकटीला टेकून बसल्या होत्या. सामान सोडून दोघांनी यायची सोय नव्हती, म्हणून त्यांना तिथेच ठेवून भगवानराव आमच्याबरोबर वर आले. एवढी मंडळी बघून ते दारातच थबकले. सरिताताईंनी खुर्ची पुढे केली.

“परीक्षा तुमची नाही, आमची आहे,” मी म्हटलं. “तुमच्याच फोनवर या ट्रस्टची वेबसाइट उघडा. समजा, तुम्हाला राहायला खोली हवी आहे.”

भगवानराव हसले. “त्यात समजायचं काय हाय ताई?”

त्यांनी फोन काढला, नाव टाकलं, वेबसाइट उघडली, आणि मान वर करून म्हणाले, “ही बघितलीय की मी. आलो त्या दिवशीच.”

“मग?” सरिताताईंनी विचारलं. मी त्यांचा हात दाबला, कारण या परीक्षेत विचारायचंही नसतं. पण आता मलाही राहवेना.

“मला वाटलं, सत्कार करणारं मंडळ असंल,” भगवानराव अगदी सहज म्हणाले. “कुणी दिवा लावतंय, कुणी शाल घालतंय. थोडं खाली खाली गेलो. सगळी मोठी मानसं. मग म्हनलं, आपल्याला कोन बलावतंय सत्काराला.”

मी धंद्यात कितीतरी परीक्षा घेतल्या, लोकांना चुकीचं बटण दाबताना बघून मनातल्या मनात हसलेही. त्या दिवशी मात्र हसू आलं नाही. ज्या माणसासाठी ही इमारत बांधली तो माणूस तिच्या दारात येऊन, तिची वेबसाइट बघून, आदराने मागे फिरला होता. आणि राहत होता तो रस्त्याच्या पलीकडे, या खिडकीतून दिसेल असा.

अण्णांनी विचारलं, “किती दिवस झाले तुम्हाला?”

“संक्रांत हितंच झाली,” भगवानराव म्हणाले.

अण्णा उठले. काठी घेतली. कोणी त्यांना लिफ्टकडे नेऊ लागलं तर त्यांनी हात झटकला आणि जिन्याने निघाले. मी मागोमाग गेले. रस्ता ओलांडून ते शांताबाईंसमोर उभे राहिले. त्या बिचाऱ्या घाबरून सामान गोळा करू लागल्या, त्यांना वाटलं हा माणूस उठवायला आलाय. वर जागा आहे, चला, असं अण्णांनी सांगितलं, तरी त्या उठेनात.

“आमच्याकडं कुनाची चिठ्ठी न्हाई,” त्या म्हणाल्या.

“चिठ्ठी नको, बाई,” अण्णा म्हणाले. “आधी आत या. पाणी प्या. मग बघू.”

भगवानराव आणि शांताबाई त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत गेले. संध्याकाळी सरिताताई बघायला गेल्या, तर शांताबाई खाटेवर आडव्या होत्या आणि दिवा तसाच चालू ठेवून झोपल्या होत्या. इतके दिवस वर खाटा रिकाम्या होत्या याचा मला त्या रात्री फार राग आला, आणि तो नक्की कुणावर काढावा ते कळेना. कुणीच वाईट वागलं नव्हतं. सगळे मानाने वागले होते.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन आला. “सगळे फोटो काढा. आजोबांचासुद्धा. ते काही बोलणार नाहीत.”

मी खूश होऊन एक कोरं करकरीत मुखपृष्ठ बनवलं. पांढरी पाटी, वर एक मोठं बटण, ‘आज खोली आहे का?’ खाली लागणारे कागद मोबाइलवर वाचता येतील अशा मोठ्या अक्षरात, आणि एक फोन नंबर, जो दिवसभर सरिताताईंच्या नाहीतर पाळीवर असेल त्याच्या हातात राहील. असं स्वच्छ पान केलं की आमच्या धंद्यातली माणसं स्वतःवरच फिदा होतात. मीही झाले. मग तेच पान भगवानरावांना दाखवलं आणि परत गप्प बसले.

त्यांनी बटण दाबलं, नंबर सापडला, सगळं जमलं. पण चेहऱ्यावर समाधान दिसेना. शेवटी म्हणाले, हे बरंय, पण यावर विश्वास कसा ठेवावा? इस्पितळाबाहेर खोली देतो म्हणून पैसे घेऊन पळणारे कितीतरी एजंट फिरतात. गावाकडून आलेला माणूस आधीच भ्यालेला असतो. “गेटाचा फटू टाका,” ते म्हणाले. “आन् गेटावर कोन भेटंल, त्याचा. तो मानूस खरंच तिथं दिसला की मग धीर येतो बगा.”

झालं, माझ्या पांढऱ्या पाटीची वाट लागली. पण बोलणं खरं होतं. आणि गेटवर रोज सकाळी कोण भेटतं? अण्णा. घरून चालत येऊन ते गेटजवळच्या लाकडी खुर्चीत पेपर वाचत बसतात, गेली कित्येक वर्षं. मी एका सकाळी न सांगता गेले आणि ‘अण्णा’ म्हणून हाक मारली. त्यांनी पेपर खाली केला आणि सवयीने हात पुढे करून ‘या’ म्हटलं. तेवढ्यात मी फोनवर फोटो काढला. मागे गेट, वर इमारतीचं नाव, पुढे साध्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले अण्णा. हार नाही, शाल नाही.

आयुष्यभर मी अध्यक्षांचे फोटो वरून खाली ढकलत आले, आणि इथे मी स्वतःच्या हाताने अध्यक्षांचा फोटो सगळ्यात वर चढवला. सरिताताईंनी मला त्यावरून अजून सोडलेलं नाही. उपाध्यक्षांनी राजीनामा दिला नाही. त्यांनी सुचवलं की संध्याकाळी गेटवर ते बसतील, म्हणजे संध्याकाळी त्यांचा फोटो लावता येईल. मी लावला. आता संध्याकाळ झाली की फोटो बदलतो, आणि उपाध्यक्ष एकही संध्याकाळ चुकवत नाहीत, कारण चुकली तर वेबसाइट खोटी पडेल.

खोल्या एकदम भरल्या नाहीत. होळीपर्यंत निम्म्या, मग हळूहळू तिन्ही मजले. शांताबाई चैत्रात घरी गेल्या, तपासणीला येतात तेव्हा आमच्यासाठी ज्वारीचं पीठ आणतात. श्रावणातल्या सभेत खजिनदारांचा ठराव कार्यक्रमपत्रिकेवर होता. त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, विषय मागे घेतो, कारण भाड्याने द्यायला आता एकही खोली शिल्लक नाही. मग त्यांनी अण्णांकडे बघून हात जोडले. अण्णांनी मान खाली घालून चष्मा पुसला.

सभा संपल्यावर मी बाहेर पडत होते, तर अण्णांनी थांबवलं. त्यांना एक तक्रार होती. मनोगत काढल्याबद्दल नव्हे. ते म्हणाले, आता खोली नाही असं वेबसाइट सांगते, पण ते वाचून माणूस माघारी जातो, त्याने जायचं कुठे? करी रोडला दुसऱ्या एका ट्रस्टचा निवास आहे. या दोन ट्रस्टांचं वाकडं फार जुनं, एकमेकांच्या कार्यक्रमाला पाऊलही न ठेवण्याइतकं. अण्णा म्हणाले, त्यांचा नंबर खाली टाका, मी बोललोय त्यांच्याशी. आणि घडी केलेला एक कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, हे मनोगत, नव्या साइटसाठी, वाचताना अंगठा दुखत नाही ना बघा.

माझ्या धंद्यातली एक खंत सांगते. बाबांनी छापलेल्या पत्रिका लोकांच्या ट्रंकांत अजून आहेत. मी केलेली वेबसाइट चार-पाच वर्षांत कोणीतरी बदलतो आणि तिचा मागमूस राहत नाही. शंखवाल्यांची गेली, मसालेवाल्या वहिनींची गेली. या ट्रस्टचीही कधीतरी जाईल, तरुण मुलांच्या हाताला खाज असते. पण मी त्यांना बजावून ठेवलंय की रंग बदला, बटणं बदला, अण्णांच्या त्या कागदावरच्या ओळी वरून हलवायच्या नाहीत. त्या मी अण्णांच्या फोटोखाली, बटणाच्याही वर ठेवल्यात.

‘खोली असो नसो, आधी आत या. पाणी प्या. मग बघू.’

बाबांच्या पत्रिकेत अशी ओळ सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात यायची.